बातम्यांइतकीच ‘जयमाला’ही

१९७१ च्या युद्धात लोक रेडिओला चिकटून असत ते बातम्यांसाठीच, असं एका लेखात म्हटलं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात तरी तसं नव्हतं.

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि मध्यरात्रीनंतर इंदिराजी रेडिओवर बोलल्या. त्या रात्री वाड्यातली सगळी बिऱ्हाडं आमच्याच खोलीत होती, कारण तेव्हा रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागे आणि तसा परवाना काढलेला रेडिओ आमचाच. वाल्व्हचा सेट, सुरू केला की आवाज यायला जरा वेळ लागायचा. तेवढ्या वेळात कोणी खोकतसुद्धा नसे. त्यानंतरचे दिवस दिल्लीहून येणाऱ्या मराठी बातम्यांच्या वेळांवरच चालले. स्वयंपाक आधी, नाहीतर मग नंतर. रात्री बाबा शॉर्टवेव्हवर बीबीसी शोधत बसायचे.

पण आजी थांबायची ती विविध भारतीच्या ‘जयमाला’साठी. फौजी भावांच्या पसंतीची गाणी. माझा काका तेव्हा सीमेवर होता, पत्र येत नव्हतं. गाण्याआधी जवानांची नावं वाचत, ती सगळी आजी कान देऊन ऐकायची. तिला हिंदी फारसं समजत नसे, नाव मात्र समजलं असतं. काकाचं नाव कधी आलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रेडिओसमोर पाटावर बसलेली असे.

१६ डिसेंबरला ढाक्यातल्या शरणागतीची बातमी आली तेव्हा वाड्यात पेढे वाटले. आजीने तिचा पेढा देवापुढे ठेवला, काकाचं पत्र येईपर्यंत खाल्ला नाही.