पहिलीत ३ महिने नुसता खेळ? खुलासा

‘पहिलीच्या मुलांना ३ महिने काही शिकवतच नाहीत, नुसतं खेळवतात,’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे. पहिलीची सुरुवात ३ महिन्यांच्या खेळातून तयारीने व्हावी, हे २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच आहे. त्यासाठी २०२१ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेचा १२ आठवड्यांचा ‘विद्याप्रवेश’ हा कार्यक्रम आला. अक्षरं, शब्द, रंग, आकार, अंक सगळं त्यात येतं. चिंचोके मोजताना ‘पाच’ म्हणजे किती, हे पोर हाताने शिकतं. ‘कप, कमळ, कणीस’ यांतला पहिला आवाज नेमका पकडणं ही तर वाचनाचीच पायरी! वही कोरी दिसली म्हणून लगेच शिकवणी लावू नका, कळकळीची विनंती. शंका असेल तर सरळ वर्गाच्या बाईंना भेटा.