पंधरा हजार किलोमीटरचं विमान बंगळुरूला का पाठवतात?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'कंपन्यांनी पंधरा हजार किलोमीटर जाणारी मोठी विमानं घेतली आणि ती मुंबई–बंगळुरू फिरवली. त्याच विमानाने मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को सहज गाठता येतं. मुंबईची विमानं नेहमी भरलेली असतात, तरी सगळं दिल्लीला देतात. एवढीच जागा कमी पडते तर ए३८० आणा.' (ए३८० म्हणजे एअरबसचं पाचशे माणसांचं दुमजली विमान.) मध्यरात्री परक्या विमानतळावर म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन विमान बदलणाऱ्याचा वैताग यामागे आहे आणि तो खरा आहे. पण संदेशातली कारणं चुकीची आहेत. कारण चुकलं की मागणीही चुकीच्या दारात जाते.

पहिला मुद्दा बंगळुरूचा. संदेशातलं पंधरा हजार किलोमीटरचं विमान म्हणजे एअरबसचं ए३५०-९००. एअर इंडियाचं पहिलं ए३५०-९०० डिसेंबर २०२३ मध्ये आलं आणि २२ जानेवारी २०२४ ला त्याचं पहिलं प्रवासी उड्डाण झालं ते बंगळुरू–मुंबई. पुढे मे महिन्यात दिल्ली–दुबई, १ सप्टेंबरला दिल्ली–लंडन, १ नोव्हेंबरला दिल्ली–न्यूयॉर्क. हा क्रम पाहिला की उत्तर अर्धं मिळतं. एअर इंडियाचीच बोइंग ७८७ विमानं २०१२ मध्ये आली, तीही आधी देशातच उडाली. एमिरेट्सने आपल्या नव्या ए३५० ला सुरुवातीच्या मार्गांत मुंबई दिली, जानेवारी २०२५ मध्ये. दुबईहून मुंबई तीन तासांवर आहे.

याचं कारण वैमानिकांचे हात. नव्या जातीच्या विमानावर आलेल्या वैमानिकाला सिम्युलेटरनंतर प्रशिक्षक शेजारी बसवून खरी उड्डाणं करावी लागतात. परवाना चालू राहायला ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगही लागतात. न्यूयॉर्कच्या एका उड्डाणात चार वैमानिक असतात आणि सोळा तासांत लँडिंग एकच, म्हणजे ते एकाच्याच वाट्याला येतं. मुंबई–बंगळुरूच्या दोन फेऱ्यांत एका दिवसात चार लँडिंग होतात. काही भाग सिम्युलेटरवर भरून काढता येतो, पण पहिल्या तुकडीचे पन्नास-साठ वैमानिक तयार करायचे तर छोट्या मार्गाला पर्याय नाही. नवं विमान पहिल्या महिन्यांत बारीकसारीक कुरकुरी काढतं, हेही आलंच. एखादा सेन्सर चुकीचा इशारा देतो, एखाद्या दाराचं सील गळतं. असं मुंबईत झालं तर त्या जातीचा परवाना असलेला इंजिनिअर आणि सुटा भाग हाताशी असतो. तेच पॅसिफिकच्या पलीकडे झालं तर विमान आणि तीनशे माणसं दोन दिवस अडकतात.

दुसरं कारण घड्याळाचं आहे आणि ते विमान जुनं झाल्यावरही राहतं. समजा, मुंबईहून दुपारी दीडला लंडनला निघालं. दहा तासांनी, हिवाळ्यात तिथले संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. दोन तासांत साफसफाई, खाणं, इंधन, आणि आठला परत. नऊ तासांनी मुंबईत सकाळचे साडेदहा. दीडपर्यंत तीन तास हातात. चोवीस तासांचं चक्र पुरं झालं, एका विमानात रोजची फेरी. न्यूयॉर्कचं असं जमत नाही. जायला सोळा, यायला पंधरा, तिथे दोन-तीन तास आणि मुंबईत तेवढेच, म्हणजे साधारण ३६ तास. निघण्याची वेळ रोज तीच ठेवायची असेल तर दीड विमान चालत नाही, दोन लागतात, आणि प्रत्येक विमान ४८ तासांच्या चक्रात बारा तास रिकामं उभं राहतं. त्या बारा तासांत दुबईची किंवा बंगळुरूची एक फेरी बसते. बंगळुरूला 'वाया घालवलेलं' मोठं विमान पुष्कळदा असं उरलेल्या वेळेतलं काम करत असतं. ताफ्यात सहा विमानं असली तर वेळापत्रक पाचांचंच आखायचं असतं. एक तपासणीत किंवा राखीव. ही शिस्त मोडली की एका बिघाडाने आठवडाभराची उड्डाणं पुढे ढकलली जातात.

आता सॅन फ्रान्सिस्को. पंधरा हजार किलोमीटर हा आकडा खरा आहे, पण तो विमानाचा आहे, मार्गाचा नाही. ए३५०-९०० चं उड्डाणावेळचं कमाल वजन २८० टन धरू. रिकामं विमान खुर्च्यांसकट सुमारे १४२ टन. माणसं आणि माल मिळून ते ५३ टन उचलू शकतं. टाक्यांत इंधन मावतं सुमारे ११० टन. बेरीज करा: ३०५. म्हणजे भरलेलं विमान आणि भरलेल्या टाक्या एकत्र कधीच निघू शकत नाहीत.

लंडनला दहा तास, ताशी ढोबळमानाने ६ टन, अधिक राखीव इंधन, असे ७० टन पुरतात. १४२, ५३ आणि ७० मिळून २६५. पूर्ण भार घेऊन विमान आरामात निघतं. एअर इंडियाच्या मांडणीत ३१६ जागा आहेत: २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी, २६४ इकॉनॉमी. बॅगांसह माणशी १०० किलो धरले तर ३२ टन. राहिले २१ टन. एप्रिल-मेमध्ये पोटातल्या त्या जागेत वाशीहून आलेल्या हापूसच्या पेट्या जातात, इतर वेळी औषधं, भाजी, कपडे. मालाचे डबे मावण्याची जागा आधी संपते म्हणून सगळे २१ टन नेहमी भरत नाहीत, पण मंदीच्या महिन्यात मार्ग तगतो तो याच मालाच्या भाड्यावर.

सॅन फ्रान्सिस्को मुंबईहून सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटर. सोळा तास धरा, राखीव मिळवा, १०५ टन इंधन. २८० मधून १४२ आणि १०५ वजा केले की उरतात ३३. तीनशे सोळा माणसं बसली की संपलं. हापूसची पेटीच काय, पाकिटही नाही. समोरून वारा जोराचा असेल किंवा मेमधल्या दुपारी धावपट्टी तापलेली असेल तर काही खुर्च्या रिकाम्या सोडाव्या लागतात. इतक्या लांबच्या प्रवासात जादा घेतलेल्या एक टन इंधनातलं जवळजवळ एक तृतीयांश ते इंधन वाहून नेण्यातच जळतं. म्हणून सिंगापूर एअरलाइन्स सिंगापूर–न्यूयॉर्क मार्गावर ए३५० चा खास प्रकार वापरते. त्यात जागा फक्त १६१, आणि इकॉनॉमी अजिबात नाही. मुंबईहून असं करता येईल का? येईल. पण त्याचं तिकीट संदेश पाठवणाऱ्याला परवडणारं नसेल.

सरळ रेषाही कायम मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्याचा मार दिल्लीला जास्त बसला, कारण मुंबईची विमानं अरबी समुद्रावरून ओमानकडे निघू शकतात. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन थांबवलं, तेव्हा दिलेल्या कारणांत हा वळसा होता. दुसरं कारण नूतनीकरणासाठी बाजूला काढलेली ७८७-८ विमानं. म्हणजे 'सगळं दिल्लीला' हेही सरसकट खरं नाही. इंडिगोने आपली पहिली लांब पल्ल्याची उड्डाणं जुलै २०२५ मध्ये सुरू केली ती मुंबईहूनच, मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमसाठी.

तरी दिल्लीकडे ओढा आहे, आणि त्याची कारणं जमिनीवर आहेत. दिल्लीला चार धावपट्ट्या. मुंबईच्या दोन्ही एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ ला इथे एका दिवसात १,०३२ विमानं उतरली-उडाली. एवढ्या गर्दीत संध्याकाळी नवा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मागणं म्हणजे विरार फास्टमध्ये दादरला खिडकी मागणं. पावसाळ्यानंतर धावपट्टीच्या कामासाठी एक दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच विमानतळ बंद असतो, तेही धरून चालावं लागतं. मुंबईतला स्लॉट मिळाला तरी तो लंडनच्या स्लॉटशी जुळला पाहिजे. हीथ्रोचा स्लॉट हंगामात ८० टक्के वापरला नाही तर हातचा जातो, आणि त्याची किंमत काय असते ते बघा: जेट एअरवेजने २०१३ मध्ये हीथ्रोच्या स्लॉटच्या तीन जोड्या एतिहादला ७ कोटी डॉलरला विकल्या.

शिवाय मोठं विमान एका शहराच्या प्रवाशांवर भरत नाही. त्याला नागपूर, इंदूर, राजकोट, गोव्याहून येणारे लागतात. सांताक्रूझच्या टी१ टर्मिनलला उतरलेल्या माणसाला बॅगा घेऊन हायवेने सहारच्या टी२ ला जावं लागतं. हा एवढासा प्रवास वेळापत्रकात अडीच-तीन तास खातो, आणि तिथेच प्रवासी दुबई किंवा दोहामार्गे जाणारं तिकीट काढतो.

'विमान भरलेलं असतं' यावर थोडक्यात: ऑगस्टमध्ये टोरांटोला जाणारं विमान विद्यार्थ्यांनी भरतं, त्याच आठवड्यात परत येणारं भरत नाही. एका बाजूने पाहिलेली गर्दी म्हणजे नफा नव्हे.

राहिलं ए३८०. भारताने त्याच्यावरची बंदी जानेवारी २०१४ मध्ये उठवली आणि परदेशी कंपन्यांची ए३८० मुंबईत येऊ लागली. एअरबसने त्याचं उत्पादन २०२१ मध्ये थांबवलं, नवं मिळणारच नाही. आणि भारत–दुबई उड्डाणांचे करारात ठरलेले हक्क विमानांत नाही, खुर्च्यांत मोजतात: प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६६ हजार. मोठं विमान आणलं की तो कोटा लवकर संपतो. मुंबईला त्यात एक फायदा मात्र आहे, एका स्लॉटमध्ये पाचशे माणसं जातात. ए३५० आणि ७८७ साठी आग्रह धरायचा तो याच कारणाने: आज संध्याकाळचे जे स्लॉट १८० खुर्च्यांच्या विमानाने आखाती शहरांना जाण्यात जातात, त्यातले काही तीनशेच्या विमानाला द्या.

नवी मुंबईची ३,७०० मीटरची धावपट्टी २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाली. तिथे स्लॉट मोकळे आहेत. पण उद्या नागपूरचं विमान तिथे उलव्याला उतरलं आणि लंडनचं सहारहून निघालं, तर टी१ ते टी२ चाच प्रश्न खाडीच्या दोन बाजूंना पसरेल. मुंबईकरांनी कंपन्यांना आणि राज्य सरकारला विचारायचं ते हे, की देशांतर्गत जोडउड्डाणं आणि लांबचं उड्डाण एकाच छताखाली कधी आणणार, आणि तोवर दोन विमानतळांमध्ये बॅगा कोण नेणार.