बोटभर मासा आणि लॉस एंजेलिसचे कोरडे हायड्रंट

जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसचा पॅलिसेड्स भाग जळत होता, तेव्हापासून एक दावा जोरात फिरतो आहे: 'डेल्टा स्मेल्ट नावाच्या बोटभर माशासाठी कॅलिफोर्नियाने पाणी समुद्रात सोडलं. म्हणून शेतकरी बुडाले आणि हायड्रंट कोरडे पडले.' 8 जानेवारीला खुद्द ट्रम्प यांनी तो केला, त्यामुळे अनेकांना तो शहानिशा न करताच पटला.

आधी हायड्रंटचं, म्हणजे आग विझवण्यासाठी रस्त्यावर बसवलेल्या नळांचं, बघू. पॅलिसेड्सच्या उंच भागाला प्रत्येकी 10 लाख गॅलनच्या तीन टाक्यांतून पाणी मिळतं. आगीत मागणी नेहमीच्या चौपट झाली आणि सलग 15 तास तशीच राहिली. टाक्या रिकाम्या होत गेल्या, खालून पाणी त्या वेगाने चढेना आणि 8 तारखेच्या पहाटेपर्यंत तिन्ही संपल्या. जवळचा सांता इनेझ जलाशय आवरणाच्या दुरुस्तीसाठी 2024 पासून रिकामा होता. त्याचा जाब जरूर विचारावा. पण दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोठ्या जलाशयांत तेव्हा विक्रमी साठा होता. पाणी होतं, ते डोंगरावर वेळेत चढत नव्हतं. यात मासा कुठे आला?

महिनाअखेरीस तर केंद्राच्या आदेशाने कविया आणि सक्सेस या जलाशयांतून दोन अब्जांहून जास्त गॅलन पाणी सोडण्यात आलं. ते टुलारे खोऱ्यातलं पाणी, लॉस एंजेलिसकडे ते वाहतच नाही. उन्हाळ्यात पिकांना लागणारं पाणी ऐन हिवाळ्यात गेलं. शेतकऱ्यांच्या नावाने चाललेल्या मोहिमेत नुकसान शेतकऱ्यांचंच व्हावं, याचा मला मनापासून राग येतो.

'समुद्रात वाया' हे म्हणणंही टिकत नाही. सॅक्रामेंटो आणि सॅन वाकिन या नद्या जिथे मिळतात, त्या डेल्टात भरतीबरोबर खारं पाणी आत घुसतं. गोड्या पाण्याचा प्रवाह त्याला मागे रेटतो. तो आटला तर खारं पाणी थेट ट्रेसीजवळच्या पंपांपर्यंत पोचेल, आणि याच पंपांमधून लाखो एकर शेतीला आणि कोट्यवधी माणसांना पाणी जातं. क्षारतेची मर्यादा पाण्याच्या गुणवत्तेच्या नियमांतही आहे, ती केवळ माशासाठी नाही. हे पंप इतके ताकदवान आहेत की ओल्ड आणि मिडल या नद्यांचा प्रवाह उलटा फिरतो आणि मासे पंपांकडे ओढले जातात. न्यायालयातली भांडणं मुख्यतः या उपशावर आहेत.

माशासाठी उपसा कमी झाला, हे खरं आहे. स्मेल्ट 1993 पासून संरक्षित आहे आणि 2007 मध्ये न्यायाधीश ऑलिव्हर वँगर यांनी त्याच्यासाठी उपशावर मर्यादा घातली. पण 'न्यायालयं माशाच्या बाजूने आंधळी झाली' म्हणणाऱ्यांनी पुढचंही वाचावं. 2010 मध्ये त्याच वँगर यांनी सरकारच्या मासे-संरक्षणाच्या आराखड्यातले महत्त्वाचे भाग सदोष ठरवले. 2014 मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा निकाल बव्हंशी फिरवला आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

राहिले शेतकरी. कॅलिफोर्नियात पाण्याचा हक्क ज्येष्ठतेने चालतो: ज्याचा हक्क जुना, त्याला पाणी आधी. 1914 पूर्वीचे हक्क रांगेत सर्वांत पुढे. वेस्टलँड्स या बलाढ्य सिंचन संस्थेचं केंद्राशी कंत्राट 1963 चं, म्हणजे ती बरीच मागे. 2014 च्या भीषण दुष्काळात तिच्या वाट्याला 0 टक्के पाणी आलं. उद्या स्मेल्टचं नाव यादीतून काढलं, तरी कोरड्या वर्षी रांगेतली तिची जागा बदलणार नाही.

आणि 'माणूस की मासा' असं विचारताना सामन मासेमारीवर जगणारी माणसं कुणी धरतच नाही. त्याच नद्यांतला सामन इतका घटला की 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्याची व्यावसायिक मासेमारी बंद राहिली. नदीत पाणी राहावं अशी मागणी घेऊन न्यायालयात जाणाऱ्यांत या मच्छीमारांच्या संघटनाही आहेत.