आरओ नको म्हटलं की ऐकू येत नाही का?

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

ओट्यावरच्या जुन्या फिल्टरनं मान टाकली. म्हटलं, नवा सिंकखाली बसवू, तेवढाच ओटा मोकळा. फोनवर स्वच्छ मराठीत सांगितलं होतं: युव्ही-युएफ हवंय, आरओ नको. (युव्ही म्हणजे पाण्यातले जंतू मारणारा अतिनील दिवा, युएफ म्हणजे बारीक गाळणी आणि आरओ म्हणजे पाण्यातले क्षारही काढून टाकणारा फिल्टर.) आज दारात मुलगा उभा, हातात आरओचं खोकं. आणि मी काही बोलायच्या आत त्यानं डायनिंग टेबलावर एक यंत्र मांडलं. खाली सळ्या लोंबताहेत. एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं 'शुद्ध'. बटण दाबलं आणि बघता बघता आमचा ग्लास तपकिरी, वर हिरवट काळा फेस.

"आजी, हे जातंय रोज पोटात."

सासूबाईंचा चेहरा पडला. नातू शेजारीच उभा. "अगं, आणि आपण ह्याला हेच पाजतोय?"

अहो, ती घाण पाण्यातली नसतेच! यंत्राची लोखंडी सळी विजेनं विरघळते, तिचा गंज असतो तो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, म्हणून तो ग्लास नितळ. शाळेतलं विज्ञान आहे हे. मी उठले, मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं, त्याच्या शुद्ध ग्लासात टाकून ढवळलं आणि म्हटलं, "लाव आता." लावेना. मग मीच बटण दाबलं. त्याचा ग्लास आमच्यापेक्षा काळा झाला. सासूबाई जे हसल्या!

हसू आलं तरी राग गेला नाही. किती घरांत हा ग्लास काळा झाला असेल आणि किती आज्यांनी घाबरून मुलाला पैसे भरायला लावले असतील?

त्याच्याच मीटरवर आमच्या नळाचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ७८ मिलिग्रॅम आला. भारतीय मानक ५०० पर्यंत बिनघोर प्या म्हणतं. खडकवासला धरणाचं पाणी आहे हो आपलं पुण्याचं! राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच म्हटलं होतं, ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा. तुम्हाला कुठल्या दुकानात हे सांगितलं गेलंय?

हो, माहितीये, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसनं (दूषित पाण्याशी जोडला गेलेला तो नसांचा आजार) काय झालं ते. सोसायटीची टाकी कधी धुतली जाते तेही माहितीये. म्हणून तर फिल्टर घेतेय ना! पण भीती जंतूंची असेल तर त्याला युव्ही आहे, उकळणं आहे. आरओ मुख्यतः क्षार काढण्यासाठी. आमच्याकडे काढण्याजोगे क्षार आहेत कुठे? (बोअरवेल किंवा टँकरवर जगणाऱ्यांनी रागावू नका, तुम्हाला तो लागतो, मान्य.)

आणि वाया जाणारं पाणी? एक लिटर प्यायला, दोन-तीन लिटर मोरीत. फिल्टर भिंतीवर असला की ती बारीक नळी सिंकमध्ये गळताना दिसते तरी. जीव तुटतो, मग माणूस खाली बादली लावतो, फरशी पुसतो. सिंकखाली बसवला की नळीला क्लॅम्प मारून ती थेट वेस्ट पाइपात सोडतात. फिनाईलची बाटली आणि पिशव्यांनी भरलेली पिशवी यांच्या मागे, अंधारात. आवाज नाही, काही नाही. तो मुलगा हेच कौतुकानं सांगत होता, "मॅडम, तुम्हाला काही दिसणारच नाही!" इथंच पुण्यात उंड्री-वाघोलीला लोक टँकरची वाट बघतात आणि आम्ही कोथरूडात धरणाचं गोडं पाणी दिसू नये अशी सोय करून गटारात सोडायचं. वर त्याला मॉड्युलर किचन म्हणायचं.

त्या पोराला मात्र फार बोलले, आता वाईट वाटतंय. मिठानंतर तो खरंच गोंधळला होता. त्याला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलंय, त्याचाही त्यावर विश्वास होता. चहा दिला. बूट घालताना हळूच म्हणाला, "मॅडम, युव्हीवर आम्हाला काही सुटत नाही. टार्गेट आरओचंच धरतात." उन्हातान्हात ते खोकं तीन मजले चढवून आणलं होतं बिचाऱ्यानं, आमची लिफ्ट बंद. त्याच्यावर राग नाही. त्याच्या हातात ते यंत्र देऊन आज्यांना घाबरवायला पाठवणाऱ्या साहेबांवर आहे. ते स्वतः बरे एसीत बसतात!

आता 'पाच-सात हजारांसाठी कशाला डोकं लावतेस, घेऊन टाक' अशी कमेंट येईलच. लिहू नका. पैशांचा प्रश्न नाहीये.

असो. कोथरूड-कर्वेनगर भागात साधं युव्ही-युएफ सिंकखाली बसवून देणारा माणूस कोणाच्या माहितीत असेल तर नंबर इनबॉक्समध्ये टाका. खाली प्लग पॉइंट आहे, अँगल कॉक नवा आहे. फक्त ग्रॅनाइटला भोक पाडायच्या आधी विचारणारा हवा. आजच्यानं ड्रिल बाहेर काढलंच होतं.