मुरलेल्याचा डबा कुठला?

सांगलीच्या आमच्या घरात कचरा म्हणून काही निघत नसे. दुधाची पिशवी आई धुऊन न्हाणीघराच्या भिंतीवर चिकटवायची, वाळली की आपोआप गळून पडायची. पेपर रद्दीवाल्याला, आणि तो वजन करताना बाबा तराजूखाली वाकून बघणार. सुतळी, रबरबँड, बिस्किटांचे डबे, तुटलेल्या छत्रीच्या काड्या या सगळ्यांना पुढच्या नेमणुका ठरलेल्या असत. असे आईबाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, कोलोनला आले आणि मी उत्साहाच्या भरात भाड्याने कॅराव्हॅन घेऊन त्यांना मोझेल नदीकाठी कॅम्पिंगला नेलं.

गाडीमागे कॅराव्हॅन जोडली की इथे खास परवानगी नसेल तर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. एसटीच्या हिशेब खात्यात ३१ वर्षं काढलेल्या बाबांना हा वेग फार आवडला. मागून ट्रकवाले आमच्याकडे बघत ओव्हरटेक करत होते आणि बाबा म्हणत होते, "जाऊ दे, जाऊ दे. त्यांना पोचायचंय."

कॅम्पच्या ऑफिसात बाईंनी एक किल्ली दिली, एक पातळ पिवळी पिशवी दिली आणि दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद दिला. मला वाटलं नकाशा असेल. तो कचऱ्याचा कागद होता. कागद-पुठ्ठा निळ्या डब्यात. पॅकिंगचं प्लास्टिक, पत्रा, दुधाचे खोके पिवळ्या पिशवीत. भाज्यांची सालं 'बिओ'मध्ये, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात. काचेला तीन पिंपं: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी काच असेल तर तीही हिरव्यात. बॅटऱ्या ऑफिसात. आणि ज्याला कुठेच थारा नाही ते 'रेस्टम्युल', म्हणजे उरलासुरला कचरा, काळ्या डब्यात. नदी कुठल्या बाजूला आहे ते मात्र कागदावर कुठेच नव्हतं.

माझी लेक चौथीत आहे. इथल्या शाळेत पहिल्यापासून कचऱ्याची वर्गवारी शिकवतात, त्यामुळे घरातली सत्ता या खात्यापुरती तिच्याकडे आहे. तिने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, तू काही टाकू नकोस. मला विचार."

शेजारच्या जागेवर एक कायमचे कॅम्पवाले आजोबा होते. त्यांच्या कॅराव्हॅनची चाकं फुलांच्या कुंड्यांमागे गडप झाली होती, म्हणजे ती कित्येक वर्षांत हलली नसावी. पुढे गुडघाभर उंचीचं कुंपण, कुंपणात लाल टोपीचा मातीचा बुटका. आम्ही खुर्च्या मांडेपर्यंत ते दोनदा फेरी मारून गेले. बाबांनी एका नजरेत ओळखलं. "सोसायटीचा चेअरमन," ते म्हणाले. "सगळीकडे असतो."

पहिल्याच संध्याकाळी चेअरमनसाहेबांनी आमच्या कॅराव्हॅनकडे बोट दाखवून लेकीला काहीतरी सांगितलं. आईने दह्याचे डबे, चीजची पाकिटं, दुधाचा खोका असं सगळं घासून-पुसून चिमटे लावून दोरीवर वाळत घातलं होतं. सुपर मार्केटच्या मुंजीला तोरण बांधल्यासारखं दिसत होतं. लेक म्हणाली, "ते म्हणतायत, धुवायची गरज नाही. पाणी वाया जातं. 'ल्योफेलराइन' असलं की पुरे."

"म्हणजे काय?"

"चमच्याने खरवडून काढलं की झालं. चमचास्वच्छ."

हा खरोखर इथल्या कचऱ्याच्या सूचनांमधला शब्द आहे. आई गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि आपण बोटाने चाटून पुसून घेतो, त्याला काय म्हणतात विचार." त्यावर लेकीने भाषांतर करायला नकार दिला.

मी मात्र त्या रात्री दह्याचा डबा हातात घेऊन पाच मिनिटं उभा होतो. डबा प्लास्टिकचा, वरचं झाकण ॲल्युमिनियमचं. दोन्ही पिवळ्यातच जातात, पण झाकण पूर्ण सोलून वेगळं टाकायचं. चिकटलेलं राहिलं तर पुढच्या यंत्राला दोन पदार्थ वेगळे ओळखता येत नाहीत. डब्याभोवतीचा पुठ्ठा सोलून निळ्यात. बिल कागदात टाकायला गेलो तर मागून आवाज आला, "बाबा! ते थर्मल पेपर आहे. काळ्यात." दही एवढंसं, पण त्याला कचऱ्याचे तीन डबे लागले.

सकाळी दुसरंच काम असतं. कॅराव्हॅनच्या संडासाची टाकी म्हणजे एक कॅसेट असते, तिला चाकं आणि ओढायचा दांडा. निळं औषध घातलेली ती टाकी ओढत पुरुष मंडळी ओतायच्या ठिकाणी रांगेत उभी असतात, हाफ पँटमध्ये, हवापाण्याच्या गप्पा मारत. मी निघालो तर बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले. "सामान घेऊन कुठे निघालास एवढ्या सकाळी?" मी सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "इंजिनियर केलं तुला," एवढंच म्हणाले.

खरा प्रसंग दुपारचा. आईने सांगलीहून कैरीचं लोणचं आणलं होतं, कॉफीच्या जुन्या बाटलीत. तोंडावर फडकं, वर झाकण, भोवती प्लास्टिकच्या तीन पिशव्या, त्यावर सुतळी, त्यावर मराठी पेपर. मुंबई ते फ्रँकफर्ट विमानात बाटलीला काही झालं नाही. मोझेलच्या काठी आमच्या घडीच्या टेबलाचा पाय दुमडला आणि ती गेली.

पहिली दोन मिनिटं शोक पाळला. मग लेकीने हातमोजे घातले.

झाकण पत्र्याचं: पिवळं. पिशव्या पॅकिंगच्या: पिवळ्या, पण तेलकट. "चमचास्वच्छ कर," आई म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता. पेपर निळ्यात जाणार, पण तेल लागलेला पेपर निळ्यात चालत नाही, म्हणून काळ्यात. बाबांनी आधी त्यातला शब्दकोड्याचा कोपरा फाडून घेतला. फडकं काळ्यात. सुतळी बाबांच्या खिशात. तेल मोरीत ओतायचं नाही, कागदाने टिपून कागद काळ्यात. बाटलीच्या काचा पांढऱ्या काचेच्या पिंपात. त्या दिवशी मला समजलं की पाणी प्यायचा साधा ग्लास फुटला तर तो त्या पिंपात जात नाही. त्याची काच वेगळ्या तापमानाला वितळते. ही माहिती मला आयुष्यात कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

राहिल्या फोडी. काचा मिसळलेल्या काळ्यात गेल्या, पण एक मोठा ढीग पानांवर स्वच्छ पडला होता. आणि कॅम्पच्या कागदावर लिहिलं होतं: बिओमध्ये शिजवलेलं अन्न टाकू नये.

"लोणचं शिजवलेलं असतं का?" लेकीने विचारलं.

"छे! कच्ची कैरी ती," मी म्हणालो.

"फोडणी घातलेली आहे," बायको म्हणाली. "कडकडीत तेलाची."

"फोडणी गार करून घालतात," आई म्हणाली. "गरम घातली तर नासेल नाही का?"

"म्हणजे कच्चं?"

"कच्चं कसं? दोन महिने झाले."

"मग शिजलेलं?"

आईने चष्मा वर केला. "मुरलेलं आहे," ती म्हणाली.

लेकीने कागदाच्या दोन्ही बाजू पुन्हा वाचल्या. मुरलेल्याचा डबा नव्हता. शेवटी तिने चेअरमनसाहेबांना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं, एक फोड उचलून वास घेतला, आणि कोणी काही म्हणायच्या आत तोंडात टाकली. त्यांचा चेहरा त्या बुटक्याच्या टोपीएवढा लाल झाला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि काळ्या डब्याकडे बोट केलं. "रेस्टम्युल," ते म्हणाले, आणि मग हळूच, "आणखी एक बाटली आहे का?"

काचा टाकायचं काम माझ्याकडे आलं. पिंपात हात घालून सोडल्या आणि असा आवाज झाला की नदीवरची बदकं उडाली. घड्याळात १ वाजून २० मिनिटं झाली होती. १ ते ३ कॅम्पवर शांततेची वेळ असते. तेव्हा काच टाकायची नाही, गाडी चालवायची नाही, फाटकही उघडत नाही. पुण्याच्या दुकानांचे विनोद सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून ते सोडून देतो. चाळीस तंबूंच्या चाळीस चेनी एकदम उघडल्या, एवढं सांगितलं की पुरे.

या सगळ्यात बाबा मात्र खूश होते, कारण त्यांना 'प्फांट' सापडला होता. इथे पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या वापरून टाकायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, २००३ पासून. बाटली परत केली की पैसे परत. बाबांनी लेबलावर शब्द वाचला. "पी, एफ... अरे, हा तर पीएफ! रिटायर झाल्यावर मिळतो तोच." लोक रिकाम्या बाटल्या डब्यात न टाकता डब्याशेजारी उभ्या करून ठेवतात, गोळा करणाऱ्याला हात घालावा लागू नये म्हणून. बाबांना वाटलं, एवढे पैसे विसरून गेले. संध्याकाळच्या फेरीत त्यांनी चार आणल्या. मी शरमेने मेलो. बायको म्हणाली, "आणू देत की, आनंद आहे त्यांना."

आमच्या सात, त्यांच्या चार. ११ गुणिले २५, दोन युरो ७५ सेंट. रुपयांत किती, ते बाबांनी झोपण्याआधी तीनदा सांगितलं. मग पिशवी फार मोठी होते म्हणून त्यांनी सगळ्या बाटल्या पायाखाली घेऊन चपट्या केल्या आणि झाकणं घट्ट लावली. आपल्याकडे बाटलीवरच छापलेलं असतं, वापरून झाल्यावर चुरगाळा. बाबा छापील सूचना पाळतात.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानातल्या मशीनने अकराच्या अकरा बाटल्या बाहेर थुंकल्या. चेपलेल्या बाटलीचा आकार पटत नाही आणि बारकोड वळकटीत गेलेला दिसत नाही. बाबा एकेक बाटली पुन्हा पुन्हा घालत होते, मशीन परत देत होतं. मागे सात माणसं. ग्रॅच्युइटी अडकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

निघायच्या दिवशी आवराआवरीत एकला पाच कमी असताना गाडी जोडून झाली. फाटकाशी पोचलो तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती. दांडा खाली. ३ वाजेपर्यंत मुक्काम. आईने डबा उघडला, लेकीने दह्याचं झाकण सोललं, बाबांनी डिकीतून ती पिशवी काढली आणि दगडावर बसून एका बाटलीत फुंकायला लागले. गाल फुगले, कानशिलं लाल झाली. बाटली थोडी हलली.

चेअरमनसाहेब कुंपणापाशी उभं राहून हे बघत होते. आता पोलीस येणार असं मला वाटलं. ते आत गेले आणि हवेच्या गादीचा पायपंप घेऊन आले. बाबांनी बाटलीच्या तोंडाशी नळी दाबून धरली, साहेबांनी पंपावर पाय ठेवला. भर शांततेच्या वेळेत 'टप्प!' असा आवाज झाला आणि बाटली उभी राहिली.

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. १ वाजून ४० मिनिटं. मग घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि बाबांकडे दुसऱ्या बाटलीसाठी हात पुढे केला.