आधी परभणीला जाऊन या, मग हसवा

आत्ताच घरी आलेय आणि डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहूनच टाकते. पुण्यात एका कॅफेत स्टँडअपच्या ओपन माइकला गेले होते, म्हणजे हौशी पोरं एकेक करून माइकवर येऊन लोकांना हसवतात तिथं. एक पोरगा छान रंगला होता. मध्येच त्यानं पहिल्या रांगेतल्या मुलीला गाव विचारलं. ती म्हणाली, परभणी. झालं! पुढची पाच मिनिटं 'गावाकडची भाषा'. सुरुवात नागपुरी, मध्ये कोल्हापुरी, शेवट कुठल्या तरी सिरियलमधला. मराठवाडा त्यात औषधालाही नव्हता. आणि लोक खिदळत होते! ती मुलगीही हसली. चारचौघांत दुसरं करणार काय?

मी त्याच जिल्ह्यातली. मला विनोदाचं वावडं नाही, हे इथं कुणाला सांगायला नको.

आमच्या तालुक्याला शाळेच्या मैदानावर लक्ष्मण देशपांड्यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा प्रयोग झाला होता. आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक, घरात कधी मोठ्यानं हसले नाहीत. रंगमंचावर एकटा माणूस आणि ५२ पात्रं. वेषांतर नाही, काही नाही. मान जरा वाकली, आवाज चिरका झाला की म्हातारी हजर! अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "अगं, ही तर आपली वेणूआत्या!"

देशपांडे औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. प्राध्यापक माणूस, पण खेड्यातल्या बाईच्या बोलण्यातला हेल कुठं वर जातो आणि कुठं तुटतो, हे त्यांच्या कानात पक्कं बसलेलं. अतिशयोक्ती तेही करायचे, मान्य. पण विमानात बसलेल्या त्या वऱ्हाडाला बघताना आपण त्यांच्यासोबत विमानात असायचो. म्हणून तर अण्णांना आत्या दिसली.

आणि मराठीत स्टँडअप यूट्यूबबरोबर आला असं कुणी म्हणालं की माझं डोकं आणखी फिरतं. पु. लं.नी 'बटाट्याची चाळ' एकट्यानं उभी केली होती. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, मिरासदार गावोगाव फिरून कथाकथन करायचे, लोक पोट धरून हसायचे. मग त्याला काय म्हणायचं?

हिंदीतही माझे आवडते तेच, जे आपली माणसं घेऊन उभे राहतात. राजू श्रीवास्तवांचा गावाकडचा गजोधर घ्या. जॉनी लिव्हर हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात साहेबांच्या नकला करत मोठे झाले, आडनाव तिथूनच चिकटलं. कामगारानं साहेबाची नक्कल करायची, ही खरी हिंमत! पुण्यात बसून परभणीची करायला काय लागतं? आताच्यांत झाकीर खान. इंदूरचा मुलगा, २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून बोलला. वडिलांबद्दल तो बोलायला लागला की मला अण्णाच आठवतात, गुडघ्यावरची ती थापसुद्धा.

बरं, त्या पोराचं टायमिंग उत्तम होतं, हे सांगायलाच हवं. अनोळखी लोकांपुढे हातात माइक घेऊन उभं राहणं सोपं नाही. दुष्टपणानंही केलं नसेल त्यानं, त्याच्या कानावर खरी परभणी कधी पडलीच नसेल. मग जावं की एकदा! स्टँडवर तासभर बसावं, बायका कंडक्टरशी कशा भांडतात ते ऐकावं. दहा मिनिटांचा ऐवज फुकट मिळेल आणि परभणीकरही टाळ्या वाजवतील.

लक्ष्मण देशपांडे २००९ मध्ये गेले. आता संदीप पाठक 'वऱ्हाड' करतात, तेही आमच्या मराठवाड्याचेच. पुण्यात प्रयोग लागला की मी जाणार. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, तिकिटं मी काढते. घरातलं वडीलधारं माणूस मात्र सोबत आणायचंच.