मिथायलेशन ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून रेडिएशन सोडू नका

ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या ट्यूमरबद्दल फोनवर फिरणारा दावा असा: “एमजीएमटी मिथायलेशन निगेटिव्ह असेल तर रेडिएशन-केमोचा उपयोग नाही, पॉझिटिव्ह असेल तर पेशंट बरा होतो, टेस्ट साध्या रक्तावर होते.” तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि पहिलं तर जीवघेणं आहे.

एमजीएमटी हे डीएनएची दुरुस्ती करणारं प्रथिन. टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाच्या ओ-६ जागी मिथाइल गट चिकटवते. हे प्रथिन तो गट उचलून घेतं आणि त्यात स्वतः कायमचं निकामी होतं. या प्रथिनाच्या जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा भाग) मिथायलेटेड असला, म्हणजे त्यावर मिथाइल गट चिकटलेले असले, की प्रथिन कमी बनतं आणि गोळीचा मारा लागू पडतो. रेडिएशन मुख्यतः डीएनएचे दोन्ही धागे तोडून पेशी मारतं, आणि ते जोडणं एमजीएमटीचं कामच नाही. म्हणजे ही टेस्ट मुख्यतः गोळीबद्दल सांगते. उलट २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एनओए-०८ या जर्मन-स्विस चाचणीत, ६५ वर्षांवरच्या ज्या रुग्णांत मिथायलेशन नव्हतं, त्यांच्यात नुसत्या गोळीपेक्षा रेडिएशनने आजार जास्त काळ रोखला. रिपोर्ट निगेटिव्ह असताना रेडिएशन सोडणं म्हणजे हातातला भक्कम उपाय टाकून देणं.

मग अशा रुग्णाला गोळी फुकट जाते का? २००५ च्या युरोप-कॅनडा चाचणीत रेडिएशन ३० बैठकांत ६० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) होतं. सोबत शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम गोळी रोज, आणि नंतर गोळीची सहा चक्रं. मिथायलेशन नसलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले तो काळ) नुसत्या रेडिएशनवर ११.८ महिने, गोळीसह १२.७. फरक लहान आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावरचा. पण दोन वर्षं जगलेले २ टक्क्यांहून कमी होते, ते गोळीसह १३.८ टक्के झाले. वय आणि प्रकृती पाहून डॉक्टर गोळी देतात ते यासाठी.

“पॉझिटिव्ह म्हणजे बरा” हेही खरं नाही. त्याच चाचणीत मिथायलेशन असलेल्यांचं मध्यक आयुष्य रेडिएशन आणि गोळी दोन्ही मिळूनही २१.७ महिने होतं. शिवाय याच रुग्णांत रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत एमआरआयवर ट्यूमर वाढल्यासारखा दिसण्याचं प्रमाण जास्त असतं. ती बऱ्याचदा उपचारांमुळे आलेली सूज असते. तेवढ्यावरून गोळी बंद करू नये. लक्षणं पाहून काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात.

रक्ताचं म्हणाल तर नेहमीची टेस्ट ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या पॅराफिन ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) होते. पॅथॉलॉजिस्ट स्लाइड पाहून ट्यूमर दाट असलेला भाग आखून देतात, तिथलाच डीएनए काढतात. त्यावर बायसल्फाइट हे रसायन टाकलं की डीएनएमधल्या सायटोसिन या घटकापैकी मिथायलेशन नसलेल्याचं युरॅसिल हे वेगळं रसायन होतं, असलेलं तसंच राहतं. रसायनाची क्रिया अर्धवट झाली तर मिथायलेशन खोटंच जास्त दिसतं. तुकड्यात निरोगी पेशींची भेसळ असेल तर ते खोटंच कमी दिसतं. मृत ऊतीतला डीएनए तुटलेला असतो, त्यावर टेस्ट अनेकदा लागतच नाही.

त्यामुळे रिपोर्टवर तीन गोष्टी शोधा: नमुन्यात ट्यूमर पेशी किती टक्के होत्या, मिथायलेशन तपासायची पद्धत कोणती (पायरोसीक्वेन्सिंग की एमएस-पीसीआर), आणि लॅबची सीमारेषा, म्हणजे ज्या आकड्यापुढे ती पॉझिटिव्ह म्हणते, ती किती. सीमारेषा लॅबगणिक बदलते. आकडा तिच्या आसपास असेल तर उरलेल्या ब्लॉकवर पुन्हा तपासणी मागता येते.